एक नग मदरबोर्ड खरेदी करणेबाबत

दिनांक ९ जानेवारी २०२३ रोजी सकाळी साडेदहा वाजता बाबुराव आमच्या वर्तकनगरच्या घरी आले आणि त्यांनी माझ्या वडिलांकडे बस मागितली.

मागणी तशी अवाजवी नव्हती. बाबुरावांनी एका महापालिकेच्या परिवहन उपक्रमात बत्तीस वर्षे बस चालवली होती आणि माझे वडील, प्रभाकर, त्याच उपक्रमात भांडार अधीक्षक होते. बाबुरावांच्या बसला वायपर हवा असेल, तर तो वडिलांच्या सहीने येत असे. एका वर्षी जूनमध्ये मागितलेला वायपर नोव्हेंबरात आला होता. बाबुराव त्याबद्दल कधी रागाने बोलले नाहीत. वायपर अगदी नियमात बसणारा होता, असेच ते निवृत्तीनंतरही सांगत.

आता त्यांना हवी होती ती संगणकावरची बस. त्यांच्या पुतणीने, प्रीतीने, मोबाइलवर एक खेळ दाखवला होता. त्यात परदेशातल्या कुठल्याशा गावात बस चालवायची असते. तिथल्या रस्त्यांना खड्डे नसतात, प्रवासी रांगेत चढतात आणि सुटे पैसे देतात. प्रीतीने ऑफिसातल्या कुणाकडून तरी एक जुने स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडलही आणून दिले. ते स्टिअरिंग बाबुरावांच्या विठ्ठलवाडीच्या चाळीत, त्यांच्या पत्नी शालनकाकूंच्या शिलाई मशीनच्या टेबलावर स्क्रूने आवळून बसवण्यात आले. संगणक नव्हता. तरी बाबुराव रोज सकाळी तासभर त्यासमोर बसत, भिंतीकडे बघत आणि वळण आले की स्टिअरिंग फिरवत. तेवढा वेळ शालनकाकूंकडचे ब्लाउज खोळंबत.

घाईचे कारण बाबुरावांच्या उजव्या हातात होते. चहाचा कप उचलला की तो हात थरथरू लागला होता. डॉक्टरांनी कंपवात सांगितला होता आणि हात चालता ठेवा म्हणून बजावले होते. किती दिवस चालेल, हे मात्र त्यांनी सांगितले नव्हते.

"हात आहेत तोवर एकदा चालवून घ्यावी म्हणतो, साहेब," बाबुराव म्हणाले. "तुम्हाला खरेदीतलं कळतं. पंचेचाळीस हजार बाजूला काढलेत."

वडिलांनी चष्मा लावला, नवी फाइल काढली, तिला दोरी ओवली आणि वर विषय लिहिला.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघेच होतो, त्यामुळे दर गुरुवारच्या खरेदी समितीच्या बैठकीत चहा देणे आणि इतिवृत्त लिहिणे ही दोन्ही कामे माझ्याकडे आली. समितीत वडील अध्यक्ष होते आणि बाबुराव लाभार्थी. पहिल्याच बैठकीत वडिलांनी संगणकाचे दोन भाग केले: सुटे भाग आणि मुख्य वस्तू. प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय आणि हे सगळे ज्यात राहते तो रंगीत दिव्यांचा डबा, हे सुटे भाग ठरले. मदरबोर्ड, म्हणजे ज्या पाटीवर हे सगळे बसते ती पाटी, मुख्य वस्तू ठरली. सुटे भाग किरकोळ खरेदीत लगेच घेता येतात. मुख्य वस्तूला प्रक्रिया लागते.

त्यामुळे मदरबोर्ड सोडून सगळा संगणक तीन आठवड्यांत घरी आला. खोकी दिवाणाखाली ठेवण्यात आली. त्यांची वॉरंटी सुरू झाली.

मदरबोर्डसाठी तीन दरपत्रके मागवायची होती. वडिलांनी गोखले रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानदाराला, ऋतुराजला, बोलावले आणि तिन्ही दरपत्रके त्यालाच आणायला सांगितली. यात बाहेरच्या माणसाला विसंगती वाटेल. पण ज्याने कुठल्याही कचेरीत आठवडाभर काढला आहे, त्याला ठाऊक असते की तीन दरपत्रके नेहमी एकच माणूस आणतो. ऋतुराजने एक स्वतःच्या दुकानाच्या लेटरहेडवर आणले, दुसरे बायकोच्या नावावरच्या 'श्रिया कॉम्प्युटर्स'चे, आणि तिसरे डोंबिवलीच्या 'कमळाबाई इन्फोटेक'चे. कमळाबाई या त्याच्या आजेसासूबाई. वय ब्याऐंशी.

"यातलं सगळ्यात कमी कोणाचं आहे?" बाबुरावांनी विचारले.

"माझंच आहे, काका," ऋतुराज म्हणाला. "पण साहेबांना हवं असेल तर आजींचं कमी करून आणतो."

वडिलांनी त्याला खडसावले. असल्या गोष्टी बैठकीत बोलायच्या नसतात, त्या आधी करून यायच्या असतात, असे ते म्हणाले.

दरपत्रकांची वैधता पंधरा दिवस होती. वडिलांची छाननी चाळीस दिवस चालली. छाननी पूर्ण झाली त्या दिवशी दरपत्रके कालबाह्य झाली होती, म्हणून नवी मागवण्यात आली. नवी आली तेव्हा त्यातले दोन बोर्ड बाजारातून गेले होते. तिसऱ्याची किंमत वाढली होती, कारण बाकीचे दोन गेले होते. वडिलांनी याची नोंद घेतली आणि समाधानाने मान हलवली. दर चढता आहे, म्हणजे घाईने खरेदी करणे संशयास्पद दिसेल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग तुलनात्मक तक्त्यात एक नवा रकाना आला: भविष्यातील विस्तारक्षमता. हा रकाना वडिलांच्या मनातला नव्हता. ऋतुराजने सांगितले होते की हल्ली फ्यूचर-प्रूफ बघूनच घेतात, आणि कोणी हल्ली असे म्हटले की वडील रकाना आखत. बाबुरावांना लेखी विचारण्यात आले की सन २०३१ मध्ये त्यांच्या गरजा काय असतील. बाबुराव तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. त्यांनी तो कागद घरी नेला, आठ दिवस ठेवला आणि परत आणला. खाली प्रीतीच्या अक्षरात उत्तर होते: 'हीच बस. जमल्यास तोच रूट.'

वडिलांनी त्यावर 'मोघम' असा शेरा मारला.

दुसऱ्या वर्षी बायोसचा प्रश्न उद्भवला. ऋतुराजने तो बैठकीत समजावून सांगितला. बोर्डाच्या आत एक छोटी आज्ञावली असते, तिला बायोस म्हणतात. आपला प्रोसेसर त्या बोर्डापेक्षा नवा, त्यामुळे जुन्या बायोसचा बोर्ड त्याला ओळखत नाही. म्हणून बायोस नवा करावा लागतो. तो करायला बोर्ड चालू व्हावा लागतो. आणि बोर्ड चालू व्हायला त्याला ओळखता येणारा प्रोसेसर आधीच बसलेला असावा लागतो.

वडिलांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला फार दिवसांत पाहिला नव्हता.

"म्हणजे पत्त्याच्या पुराव्यासाठी वीजबिल," ते म्हणाले, "आणि वीजबिल नावावर व्हायला पत्त्याचा पुरावा. बाबुराव, हे यंत्र आपल्यातलं आहे हो."

त्या दिवसापासून संगणकाबद्दलची त्यांची उरलीसुरली भीती गेली. त्यांनी तिन्ही पुरवठादारांना पत्र लिहून बोर्ड प्रोसेसरला ओळखत असल्याबाबतचा दाखला मागवला. पहिला दाखला कमळाबाईंचा आला. त्यात लिहिले होते की सदर प्रोसेसरला आमचा बोर्ड गेली दोन वर्षे ओळखतो व त्याची वर्तणूक चांगली आहे. खाली त्यांची सही आणि सोसायटीचा शिक्का होता.

बाबुराव दर गुरुवारी येत राहिले. साहेब करतायत म्हणजे व्यवस्थित होणार, असे ते मला दारात चपला घालताना सांगत. मधल्या काळात मी त्यांना कपाऐवजी पेल्यात, आणि मग अर्ध्याच पेल्यात चहा देऊ लागले. इतिवृत्तात याची नोंद करायला रकाना नव्हता.

१७ मार्च २०२५ रोजी सकाळी, चहा व्हायच्या आत, वडील गेले. हृदय थांबले, असे डॉक्टरांनी लिहून दिले. दाखला एकाच प्रतीत होता आणि दहा मिनिटांत मिळाला. फाइल टेबलावर उघडी होती. शेवटच्या पानावर त्यांचा शेरा होता: 'चर्चा करावी.' कोणाशी, ते लिहिलेले नव्हते.

भेटायला बाबुराव आणि शालनकाकू चौथ्या दिवशी आले. बराच वेळ बसले. मदरबोर्डचा विषय त्यांनी काढला नाही. ऋतुराज नवव्या दिवशी आला. त्याने फोटोला हार घातला, हात जोडले आणि जाताना एक पाकीट टेबलावर ठेवले. त्यात ताजी तीन दरपत्रके होती. वैधता एरवी पंधराच दिवसांची असते, पण साहेबांसाठी तीस करून आणली आहे, असे तो खालच्या आवाजात म्हणाला.

मी ठरवले की हे काम आता मी पूर्ण करायचे, आणि तेही झटपट. फाइल बांधून कपाटात ठेवली. एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. माहिती शोधणे हा माझा पेशा आहे. जे काम वडिलांना सव्वादोन वर्षांत जमले नाही, ते एका रविवारी उरकेल अशी माझी खात्री होती. वडिलांच्या पिढीला प्रक्रियेचे वेड होते, हे मी सांत्वनाला आलेल्या दोनतीन लोकांना सांगितलेही.

इंटरनेटवर 'बजेटबहाद्दर' नावाचा एक समूह आहे. कमी पैशात गेमिंगचा संगणक बांधणारे एकेचाळीस हजार लोक तिथे आहेत. मी तिथे प्रश्न टाकला: बस चालवायची आहे, बाकी सर्व भाग आहेत, मदरबोर्ड कोणता घ्यावा?

प्रश्न चार मिनिटांत बंद करण्यात आला. विहित नमुन्यात नाही, असे कारण दिले होते. विहित नमुन्यात अकरा रकाने होते. नववा होता, भविष्यातील विस्तार.

मी नमुना भरला. दोनशे चौदा उत्तरे आली. एकाने एक बोर्ड सुचवला. दुसऱ्याने तो बोर्ड घेणाऱ्याच्या अकलेबद्दल शंका घेतली. कल्याणच्या सम्यक नावाच्या सदस्याने बोर्डावरच्या वीजपुरवठ्याबद्दल चाळीस ओळी लिहिल्या, आणि ज्यांना त्या कळत नाहीत त्यांनी बोर्ड घेऊच नये असे शेवटी म्हटले. बस हा काही गेम आहे का, असे तिघांनी विचारले. एवढं ग्राफिक्स कार्ड घेऊन बस चालवणे म्हणजे त्या कार्डाचा अपमान आहे, असे एकाचे मत पडले आणि त्याला एकशे सहा जणांनी अंगठे दिले. पुष्कळांनी थांबायला सांगितले. तीन महिन्यांत बोर्डांची नवीन पिढी येते आहे, आत्ता घ्याल तर पस्तावाल.

मी थांबले. तीन महिन्यांत नवीन पिढी आली. आता ती घ्यायची तर प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही बदलायला लागणार होते. दिवाळीच्या सेलपर्यंत थांबा, असे समूहाने सांगितले.

मध्यंतरी मी एक तक्ता केला होता. सत्तावीस बोर्ड, चौदा रकाने. हिरवे, पिवळे, लाल असे रंग भरले होते. रोज कॉलेजातून आले की त्यात काहीतरी भर घालायची, हा माझा नेम झाला होता. रविवारी मी त्यावर चार-चार तास बसे. लोक म्हणत, नीरजा सावरते आहे. बाबुरावांचा महिन्यातून एखादा फोन येई. मी सांगे, अगदी शेवटच्या टप्प्यात आहे, काका. ते म्हणत, सावकाश होऊ द्या, ताई. आवाजावरून त्यांनी फोन दोन हातांनी धरला आहे की कोणी त्यांच्या कानाला लावला आहे, हे कळत नसे. मी विचारत नसे.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी शालनकाकू एकट्याच आल्या. हातात कापडी पिशवी होती. मी त्यांना बसवले, पाणी दिले आणि काम थांबलेले नाही हे दाखवायला लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. कापड बघतात तसा, जवळून.

"यातला कुठला चालतो?" त्यांनी विचारले.

"तसे सगळेच चालतात, काकू."

"मग?"

याचे उत्तर चौदा रकान्यांपैकी एकातही नव्हते. शालनकाकूंनी दिवाणाखाली वाकून खोकी बाहेर ओढायला सुरुवात केली. प्रोसेसरचे छोटे खोके त्यांनी पिशवीतल्या स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावले आणि बाकीची खोकी माझ्या हातात दिली.

"दुकान कुठंय त्या पोराचं? चला," त्या म्हणाल्या. "मला चारला परत जायचंय. त्यांना भरवायला लागतं."

दुकानात शालनकाकूंनी डबा काउंटरवर ठेवला आणि हे ज्यात बसेल ते द्या म्हणून सांगितले. ऋतुराजने सवयीने विचारले की किती कोटेशन बनवू. त्यांनी डबा पुढे सरकवला, तशी त्याने लेटरहेडची फाइल मिटली. मग तो आत गेला आणि वरच्या फळीवरून एक खोके घेऊन आला. खोक्याला सुतळी बांधलेली होती. गाठीवर लाख होती आणि लाखेखाली कागद.

"हा आहे ना," तो म्हणाला. "पहिल्या कोटेशनच्या वेळचा नमुना. साहेबांनी सील करून ठेवायला सांगितलेला. ऑर्डर निघेपर्यंत विकायचा नाही, उघडायचा नाही. दोनदा गिऱ्हाईक आलेलं, मी दिला नाही."

कागदावर वडिलांचे अक्षर होते. 'नमुना पसंत. प्रक्रियेअंती आदेश.' तारीख २ मार्च २०२३. खाली सही, नेहमीसारखी, शेवटी एक छोटी आडवी रेघ ओढलेली.

"सील फोडायला सही लागेल," ऋतुराज म्हणाला. "म्हणजे खरं तर साहेबांचीच..." आणि तो काउंटरची काच पुसू लागला.

शालनकाकूंनी पेन माझ्यापुढे सरकवले. कचेरीत अधिकारी जागेवर नसला, तर त्याच्या हाताखालच्याने सही कशी करायची, हे मला लहानपणापासून माहीत होते. मी वडिलांच्या नावाच्या अलीकडे 'करिता' असे लिहिले आणि सही केली.

बायोसचा प्रश्न सुटायला बारा मिनिटे लागली. ऋतुराजने स्वतःच्या बिलिंगच्या संगणकातला जुना प्रोसेसर काढून बोर्डावर लावला, बायोस नवा केला, आणि प्रोसेसर परत जागी ठेवला. हे तेव्हाच का नाही केलेस, असे मी विचारले. कोणी सांगितले नव्हते, दाखला मागितला होता, असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे फाइलवरून खरे होते. तासाभरात सगळा संगणक जोडून झाला. रिक्षात तो रंगीत दिव्यांचा डबा शालनकाकूंच्या मांडीवर होता आणि चार वाजायच्या आत आम्ही विठ्ठलवाडीला पोचलो.

बाबुरावांनी खाकी शर्ट घातला होता. तो दुसऱ्या कोणी घालून दिला होता, हे गळ्याशी घट्ट लावलेल्या वरच्या बटणावरून कळत होते. संगणक चालू झाला, पडद्यावर एक स्वच्छ परदेशी सकाळ आली आणि डेपोतून बाहेर पडणारा एक रुंद, मोकळा रस्ता. बाबुरावांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. बस निघाली. निघाल्याबरोबर ती डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. त्यांनी स्टिअरिंग आवळून धरले, तशी ती जास्तच झुलायला लागली. पहिल्या थांब्याच्या अलीकडे तिने एक दिव्याचा खांब पाडला. खेळाने ताशी वेग, प्रवाशांची नाराजी आणि दंड असे सगळे व्यवस्थित लिहून दाखवले.

त्यांनी तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा त्यांनी हात काढून मांडीवर ठेवले. हात तिथेही थांबले नाहीत.

मी शालनकाकूंकडे पाहिले. त्या पडद्याकडे पाहत होत्या.

"मार्चात चालवली असती त्यांनी," त्या म्हणाल्या. "मार्चपर्यंत बरे होते हात."

मार्चनंतरची प्रक्रिया माझी होती.

थोड्या वेळाने बाबुराव उठले. "शालन, तू बस," ते म्हणाले. काकू नाही म्हणाल्या, मग बसल्या. टेबल त्यांचेच होते आणि चाळीस वर्षे मशीन चालवलेला पाय पेडलवर असा बसला की बस टाका घातल्यासारखी सरळ निघाली. बाबुराव त्यांच्या मागे उभे राहिले. जन्मभर ज्याच्या घंटीवर त्यांनी बस थांबवली होती, त्या कंडक्टरचा आवाज त्यांनी लावला. पुढे चला, पुढे चला, दरवाजात थांबू नका. परदेशी थांब्यांची नावे त्यांना वाचता येत नव्हती, म्हणून पहिल्याला त्यांनी टेंभी नाका म्हटले आणि दुसऱ्याला वर्तकनगर. वर्तकनगरला कोणी उतरले नाही, तरी त्यांनी बस जरा जास्त वेळ थांबवायला लावली.

"अहो, दंड पडतोय," काकू म्हणाल्या.

"पडू दे," ते म्हणाले. "साहेबांचा स्टॉप आहे."

ही हकीकत लिहून झाल्यावर मी ती सात सुशिक्षित माणसांना वाचायला दिली. सगळ्यांनी ती एका बैठकीत वाचली आणि आवडली असे कळवले. सातही जणांनी त्यानंतर एकच प्रश्न विचारला: शेवटी बोर्ड कोणता घेतला? दोघांनी तर उत्तराची वाट न बघता, त्या पैशात याहून चांगला मिळाला असता, असे सांगितले, आणि एकाने लिंक पाठवली.

बाबुरावांचे हात आता कसे आहेत, हे कोणी विचारले नाही.

आठवे वाचक तुम्ही. बोर्डाचे नाव मी वर कुठेही लिहिलेले नाही. हे बऱ्याच आधी तुमच्या लक्षात आले असेल, आणि मघापासून खटकतही असेल.